टेक इन, टेक अप

शिंपीणकाकूंना इंग्रजी कामापुरतं यायचं. एकदा एक परदेशी बाई कोट देऊन "टेक इट इन" म्हणून गेल्या. काकूंनी कोट आत नेऊन खुंटीला टांगला. चार दिवसांनी बाईंनी तो घालून पाहिला, तर तसाच ढगळ! त्यांनी हसत कमरेपाशी कापड चिमटीत धरून दाखवलं.

"अगं बाई, शिवण आत घ्यायची होय!" म्हणत काकूंनी तिथल्या तिथे काम करून दिलं. तेव्हापासून त्या गिऱ्हाइकांकडून असे शब्द बेधडक विचारून घेऊ लागल्या.

परवा नात इंग्रजीच्या परीक्षेसाठी असेच शब्द पाठ करता करता रडकुंडीला आली, तेव्हा काकूंनी तिचाच फ्रॉक हातात घेतला. "टेक अप म्हणजे खालून उंची कमी करणं, लेट आउट म्हणजे सैल करणं. पाठ कशाला करतेस? घालून बघ!"