साहित्यप्रकार निवडा

आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक रायस्वाइक गावात राहतात. एरवी सॉफ्टवेअरमध्ये आर्किटेक्ट, आणि वर्षातून दोन महिने साहित्याचे मुकादम. यंदा त्यांनी लेख मागवायला ऑनलाइन फॉर्म केला. वर प्रस्तावना: साहित्य म्हणजे काय, त्याचे उद्देश, त्याचे मुख्य प्रकार. कथा म्हणजे कमी पात्रं, कादंबरी म्हणजे जास्त पात्रं, कविता म्हणजे छोट्या ओळी. अहाहा! माझ्या बाबांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. हे वाचून त्यांनी डोक्याला हात लावला असता.

खाली चौकटी. उद्देश निवडा: मनोरंजन, माहिती की प्रबोधन. एकच निवडायचा, नाहीतर मेला फॉर्म पुढे सरकतच नाही. इथे आल्यावर डीमनच्या खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, पत्ता नोंदवतानाही मला इतका छळ सोसावा लागला नव्हता.

मी लिहिलं होतं बाबांवर. आई गेली, तेराव्यानंतर पाहुणे पांगले, आणि ज्या माणसानं कधी गॅस पेटवला नव्हता त्यानं, बेसन किती वाट्या, पाणी किती, असं मलाच विचारत विचारत मला पिठलं करून घातलं. खारट, गुठळ्यांचं. मी दोनदा मागून घेतलं. आता याचा उद्देश काय सांगू, कपाळ? शेवटी कंटाळून 'माहिती'वर टिचकी मारली. बाबांना फोनवर सांगूनही टाकलं, "बाबा, तुमच्यावर लिहिलंय." ऐंशीच्या माणसाला कोण आनंद!

अंक आला. माझा लेख पाककृती विभागात. आई नाही, तेरावा नाही, बाबा नाहीत. उरलं काय, तर दोन वाट्या बेसन, फोडणी, आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून संपादकांनी पदरची घातलेली टीप. वर कुणाच्या तरी पिठल्याचा चकचकीत फोटो.

मी तडक फोन लावला. "अहो ताई, दिवाळीत कुठे मरणाबिरणाचं!" संपादक म्हणाले. "आणि तुम्हीच उद्देश माहिती टाकला होतात ना? त्यात इमोशनल कन्टेन्ट बसत नाही. पण रेसिपी एकदम ऑथेंटिक हं!"

गाढवाला गुळाची चव काय! तोंडाला येईल ते बोलले त्यांना. पण ती टिचकी मीच मारली होती, त्याचीही लाज वाटली.

बाबांना अंक दाखवायचाच नाही असं ठरवलं. पण तो मंडळाच्या वेबसाइटवर होता, आणि बाबांनी शेजाऱ्यांकडून प्रिंट काढून घेतली होती. रविवारी त्यांचाच फोन आला.

"छान काढलाय गं अंक," म्हणाले. मग जरा घुटमळले. "आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सगळ्यांना बसवून घेतलं मी. म्हटलं, लेकीनं माझ्यावर लिहिलंय, वाचून दाखवतो. सगळा अंक चाळला. मी कुठल्या पानावर आहे गं?"