बावीच्या पाण्याची परीक्षा

बोईसरच्या एका शाळेत मी तेवीस वर्षं विज्ञान शिकवलं. निरोपाच्या समारंभात जो उठला त्याने माझ्या चिकित्सक वृत्तीचं कौतुक केलं. सर कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत, असं एक माजी विद्यार्थिनी म्हणाली. मी खाली मान घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला असावा.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. मी तेव्हा उमरोळीला खोली घेऊन राहायचो आणि सायकलने शाळेत यायचो. आम्हा चार-पाच शिक्षकांचं एक विज्ञान मंडळ होतं. सुट्टीच्या दिवशी गावागावांत जाऊन आम्ही चमत्कारांमागची कारणं दाखवायचो. जिभेवर जळता कापूर ठेवायचो, लिंबातून लाल पाणी काढायचो आणि मग ते कसं केलं ते समजावून सांगायचो. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांची मला सवय लागली होती, हे आज कबूल करतो.

शाळेत झाडलोट करायला आणि पाणी भरायला एक बाई होती. कारखान्यांच्या वसाहतीपलीकडे पंचवीस-तीस घरांचा एक पाडा होता, तिथून ती चालत यायची. पाड्याच्या डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या. तारापूरची वीज देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यात पोचते, हे मी वर्गात नकाशा काढून शिकवायचो. पाड्यात मात्र रॉकेलची चिमणी जळायची. वयाने ती माझ्याहून मोठी होती, तरी मी तिला 'तू' म्हणायचो आणि ती मला 'तुमी'. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नसे.

एका सकाळी पहिला तास सुरू व्हायच्या आधी ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. हातात झाकणाची काचेची बाटली होती.

"मास्तर, आमच्या बावीच्या पान्याला वास येतो," ती म्हणाली. "रंगाचा डबा उघडल्यावानी. तुमी बगा जरा."

विहिरीला तिकडे बाव म्हणतात. मी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. वास कधीपासून येतो, आणखी कोणाला येतो, भात शिजवल्यावर येतो की नुसत्या पाण्याला. तिने एकेकाचं नीट उत्तर दिलं. दिवाळीपासून येतो. बायकांना येतो, पुरुष म्हणतात काही नाही. भात पिवळा होतो. म्हैस हौदाला तोंड लावत नाही. मग ती म्हणाली की पाड्यावरच्या भगताने, म्हणजे देवाचं बघणाऱ्या म्हाताऱ्याने, हे पाणी बाटलं आहे, पिऊ नका, असं सांगितलंय. बावीला कोंबडा द्यावा लागेल असंही तो म्हणतो. त्यामुळे बायका आता नाल्यापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणतात. तो झरा लांब आहे. तिला दोन खेपा कराव्या लागतात, मग शाळेत यायला उशीर होतो आणि मुख्याध्यापक बोलतात.

ती एवढं सगळं बोलली, पण माझ्या डोक्यात राहिला तो कोंबडा. विज्ञान मंडळासाठी आयता विषय दारात चालून आला होता.

त्याच दिवशी मी तिच्या बाटलीतल्या पाण्यात निळा आणि तांबडा लिटमस कागद बुडवला. दोन्हींचे रंग बदलले नाहीत. साबणाचा फेस चांगला आला. बाटली नाकाशी धरली तेव्हा मला वास आला. पुसट होता, पण होता. पाणी परातीत ओतलं तेव्हा वर एक पातळ तवंग दिसला, उन्हात रंग बदलणारा. बाटलीत आधी काहीतरी ठेवलेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तिला मात्र तसं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की ती बाटली तिने चुलीवर उकळून घेतली होती. हे मला खूप नंतर कळलं.

लिटमस फक्त आम्ल आणि अल्क सांगतो. आठवीच्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. मी मंडळातल्या दोघांना बरोबर घेतलं होतं. पंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला बातमी लागली आणि तोही चार माणसं घेऊन आला. कारखाने आपणच आणले, असं तो प्रत्येक सभेत सांगायचा. त्याच्या येण्याने मला बरं वाटलं. आमच्या कार्यक्रमाला एरवी वीस माणसं जमायची, त्या दिवशी शंभर तरी होती.

मी सगळ्यांसमोर बावीतून पोहऱ्याने पाणी काढलं. लिटमस दाखवला. पाणी बाटत नसतं, त्याची परीक्षा करता येते, असं सांगितलं. भगत एका बाजूला उकिडवा बसून ऐकत होता. त्याला मी विचारलं की पाणी बाटलंय हे त्याला कशावरून कळलं. तो म्हणाला, मासे मेले. बावीत चार-पाच मासे सोडलेले असायचे, ते वर आले. मी हसून म्हटलं, मासे म्हातारे होऊनही मरतात. लोक हसले. मग मी पेला भरला आणि तो अख्खा पेला पिऊन टाकला.

टाळ्या पडल्या. पुढारी पुढे आला आणि म्हणाला, "मास्तर शिकलेला माणूस हाय. तो पितो, मग तुमाला काय धाड भरली?"

ती बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, पण माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. आता दोन खेपा वाचणार होत्या. दुसऱ्या दिवसापासून ती वेळेवर यायला लागली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून शाबासकी दिली. एका स्थानिक साप्ताहिकात माझा पेला तोंडाला लावलेला फोटो आला. मग वसाहतीतल्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने आमच्या शाळेला दोन सूक्ष्मदर्शक यंत्रं भेट दिली. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला वाटलं नाही. संबंध शोधणं हाच माझा छंद होता, तरी वाटलं नाही.

मला काहीच झालं नाही. होणार कसं? मी एक पेला प्यायलो होतो. ते रोज पीत होते.

पावसाळा गेला. नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की ती हात पदराखाली धरून बोलते. एकदा माठ उचलताना हात दिसले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलली होती, मनगटापर्यंत काळपट चट्टे पडले होते. मी विचारलं तर म्हणाली, खाज येते. मला वाटलं, संडास धुताना फिनेल लागत असेल. मी तिला रबरी हातमोजे घे म्हणून सांगितलं आणि वर्गात गेलो.

तिने मला पुन्हा पाण्याबद्दल काही विचारलं नाही. पाण्याची परीक्षा झालेली होती.

मग एक दिवस ती आली नाही. तीन-चार दिवसांनी आली ती पालघरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं की पाणी कुठलं पिता, आणि पाड्यावरचे आणखी कोणी असे आहेत का. तिने सांगितलं होतं, सात-आठ जण आहेत. चिठ्ठीवर डॉक्टरांनी एवढंच लिहिलं होतं की पाणी तपासून घ्यावं. ती चिठ्ठी तिने माझ्याकडे दिली, कारण पाणी तपासणारा तिच्या ओळखीचा मीच होतो.

या वेळी मी नीट केलं. स्वच्छ बाटल्या घेतल्या, एकटाच पाड्यावर गेलो, बावीचं पाणी भरलं, बुचं बंद केली. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने मला ओळखलं आणि पाहुणा आला म्हणून पेलाभर पाणी पुढे केलं. मी तहान नाही म्हणालो. ऊन एवढं होतं की शर्ट पाठीला चिकटला होता. तिने पेला परत आत नेला.

कॉलेजात माझ्याबरोबर असलेला एक मित्र मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होता. त्याच्याकडे बाटल्या पाठवल्या. त्याचं उत्तर आलं तेव्हा त्यातली निम्मी नावं मला शब्दकोशात बघावी लागली. रंग आणि औषधं बनवताना वापरतात ती द्रावकं होती, थोडा धातूही होता. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे पाणी कोणी पीत असेल तर आजच थांबव.'

'आजच' या शब्दाखाली त्याने रेघ मारली होती.

ते पत्र अकरा दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिलं. आमच्या शाळेत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. सूक्ष्मदर्शक देणारे व्यवस्थापक प्रमुख पाहुणे होते. पुढारीही येणार होता. प्रदर्शन होऊ दे, मग शांतपणे बघू, असं मी ठरवलं. त्या अकरा दिवसांत ती रोज शाळेत येत होती, माझ्या टेबलावरची धूळ पुसत होती, आणि घरी जाऊन तेच पाणी पीत होती. मी तिला जाता जाता 'पाणी उकळून पी' एवढं तरी म्हणालो होतो का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. म्हणालो असेन असं वाटतं. पण उकळून ती द्रावकं जातात, धातू जात नाही, आणि सरपण त्यांच्याकडे होतं किती?

प्रदर्शन संपल्यावर मी तिला सांगितलं. अकरा दिवसांचंही सांगितलं. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "आमी तुमच्याकडं इचाराया आलतो, मास्तर. तुमी पिऊन दावलं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बचाव केला असता.

ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि पत्र वाचून दाखवलं. मी आधी चुकीचं सांगितलं होतं, असंही म्हणायचं ठरवून गेलो होतो. प्रत्यक्षात 'त्या वेळी उपलब्ध असलेल्या साधनांनुसार' असं काहीसं बोललो. पुढाऱ्याने मला मध्येच थांबवून विचारलं की या कागदावर सरकारी शिक्का आहे का. नव्हता. हे नेमकं कोणत्या कारखान्याचं पाणी, ते सिद्ध करता येईल का? वसाहतीत कारखाने पुष्कळ, जमिनीखालून काय कुठून झिरपतं ते मला कसं सांगता येणार? आजार पाण्यानेच झाला याला पुरावा काय? हे सगळे प्रश्न बरोबर होते. भगताला मी याच चालीवर प्रश्न विचारले होते. शेवटी तो हसत म्हणाला, "मास्तरच अफवा पसरवाया लागले तर कसं व्हायचं?" लोक हसले.

भगताने दिलेलं कारण चुकीचं होतं, पण त्याने पाणी पिऊ नका म्हटलं होतं, आणि ते मेलेले मासे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मी ते पुरावा म्हणून मोजले नाहीत, कारण ते उघड्या अंगाच्या माणसाने सांगितले. व्यवस्थापकाने सांगितलं असतं की आमचं सांडपाणी शुद्ध होऊनच बाहेर जातं, तर मी त्याच्याकडे लिटमस मागितला असता का? माझी शंका नेहमी खालच्या बाजूला वाहायची. वरच्या माणसाला मी कधी प्रश्न विचारला नव्हता.

डॉक्टरांनी वर कुठेतरी लिहिलं, मग मीही अर्ज करत राहिलो. काही महिन्यांनी बावीवर फळ्या ठोकल्या. आठवड्यातून दोनदा टँकर यायला लागला, कधी यायचा नाही. नळ यायला नव्वदचं दशक उजाडलं. त्याचं उद्घाटन त्याच पुढाऱ्याने केलं. मधल्या काळात बायका पुन्हा झऱ्यावर जात राहिल्या. तिने शाळेतलं काम सोडलं. हातांना पाणी लागलं की आग व्हायची, आणि शाळेतलं काम सगळं पाण्याचंच. मुख्याध्यापकांनी तिच्या जागी दुसरी बाई ठेवली. मी तिच्यासाठी शब्द टाकायला हवा होता, कोरडं एखादं काम मिळालं असतं. टाकला नाही. खरं सांगायचं तर ती रोज समोर नसली तर बरं, असंच मला वाटलं होतं.

विज्ञान मंडळातून मी हळूहळू बाजूला झालो. बरोबरच्यांना वाटलं, संसारात अडकला. मंडळाचं काम चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. त्या कामाला मी लायक नव्हतो, एवढंच.

बऱ्याच वर्षांनी पालघरच्या बाजारात ती दिसली. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून रानभाज्या विकत होती. केस पांढरे झाले होते. तिने मला लगेच ओळखलं, बस म्हणाली नाही, पण पोतं जरा ओढून जागा केली. मी तिच्याशेजारी बसलो. इकडचं तिकडचं बोललो. मग मी म्हणालो, माझं चुकलं होतं, आणि या वेळी साधनांबिधनांचं काही बोललो नाही.

ती भाजीच्या जुड्या सारख्या करत होती. "चुकलं तर हाय," ती म्हणाली. "पन मी पन चुकले. माज्या नाकाला वास येत होता, तरी मी तुमचं ऐकलं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि भाजी ताजी आहे का म्हणून विचारू लागलं. ती त्याच्याकडे वळली. मी थोडा वेळ बसून राहिलो, मग त्या माणसाला वाकता यावं म्हणून उठलो.