काकांच्या फोनमधलं माझं नाव

गौलीगुड्यातले आमचे शेजारी काका माणसांना नावाने नाही, उपयोगाने सेव्ह करतात: "गॅस लवकर", "तिरुपती दर्शन". नव्या फोनवर सिंक केल्यावर एकेक माणूस दोनदा-तीनदा दिसू लागला, म्हणून मी डुप्लिकेट जोडून द्यायला बसलो. माझाच नंबर दोन नावांनी निघाला: "इंजिनिअर" आणि "नामपल्ली पिकअप".

"काका, कोणतं ठेवू?" घराण्यातला पहिला पदवीधर मी; उत्तरासाठी जीव टांगणीला लागला.

"इंजिनिअर नक्को रे, गल्लीत ढिगाने आहेत. कार घेऊन स्टेशनला येणारा तू एकटाच."

या शहरात मला पहिलं घरचं जेवण त्यांनीच वाढलं होतं. मी "नामपल्ली पिकअप" ठेवलं.

"शाब्बास! आता ऐक, उद्या मेहुणे येतायत."

मी गाडीची वेळ विचारून घेतली.