आधी दशांश, मग अंश

हवामानाचे थर्मामीटर मी एकदा मासळीच्या बर्फात बुडवले होते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच शहाणी समजणार नाही. पनवेलच्या प्रयोगशाळेत लागून मला तीन आठवडे झाले होते आणि बी.एस्सी.चा ताठा अजून उतरला नव्हता. शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा करायचा, त्यात थर्मामीटर खोचायचे आणि पारा बरोबर शून्यावर येतो का ते पाहायचं, हे तिथलं सकाळचं पहिलं काम. त्या दिवशी आमचा फ्रीज बंद पडला. मी तडक बाजारात गेले आणि कोळीणबाईकडून डबाभर बर्फ घेऊन आले. ती मागून ओरडत होती, "अगो, मीठ हाय त्यात, सरबतात नको घालू!" मी मनात म्हटलं, सरबत कोण करतंय! मिठाने बर्फ शून्याच्याही खाली जातो, हे मी परीक्षेत वळणदार अक्षरात लिहून आलेली. तरी बाराच्या बारा थर्मामीटर बिघडलेत, असा शेरा मी लाल शाईने लिहिला. खाली दोन रेघाही मारल्या.

आमचे वरिष्ठ आले. शेरा वाचला, एक थर्मामीटर उचलून नाकाशी नेला. म्हणाले, "बाई, बारा थर्मामीटर एका दिवसात बिघडत नाहीत. तपासणारी बिघडते. आणि याला बांगड्याचा वास येतोय."

हे दशांशराव. हे नाव अर्थात त्यांच्या माघारी. समोर आम्ही 'साहेब' म्हणायचो. मूळचे बेलपाड्याचे, शेतकऱ्याघरचे. आज त्यांच्या घराभोवती खारघरचे टॉवर उभे आहेत, तेव्हा भाताची खाचरं होती. पाऊस, वारा, ऊन मोजणारी यंत्रं ठिकठिकाणांहून आमच्याकडे तपासायला येत आणि दशांशरावांनी ठीक म्हटल्यावर दाखला घेऊन परत जात. माणूस जवळ गेला की त्याच्या उबेने पारा हलतो, आणि पहिल्यांदा चुकतो तो दशांश. म्हणून श्वास रोखून जायचं, आधी दशांश वाचायचा, मग अंश, ही त्यांची शिकवण. "फार वेळ जवळ उभं राहिलं की पारा आपलं ऐकायला लागतो," म्हणायचे. त्यावरून हे नाव पडलं.

'साधारण', 'जवळजवळ', 'खूप' हे शब्द त्यांच्या कानाला टोचत. कोणी घाम पुसत म्हणालं, "साहेब, काय उकडतंय हो आज!" की ते थंडपणे विचारत, "कुठल्या थर्मामीटरने?" हल्ली माझा नातू फोनवर बघून सांगतो, "आजी, चौतीस आहे, पण एक्केचाळीस वाटतंय." दशांशराव असते तर म्हणाले असते, "कोणाला वाटतंय? त्याला बोलवा."

त्यांचा एक नियम मात्र चेष्टेचा नव्हता. प्रत्येक यंत्र दोघांनी वाचायचं, वेगवेगळं. आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची, पितळी वजनाखाली सरकवायची. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तरच रजिस्टरात नोंद आणि मग दाखला. नाही जुळल्या तर पुन्हा वाचायचं. एकाच माणसाचं वारंवार चुकू लागलं तर त्याने यंत्राला हात लावायचा नाही, मग तो कोणीही असो. "दुसऱ्याचा आकडा पाहिला की डोळा लाचार होतो," ते म्हणायचे. एक चिठ्ठी त्यांची, दुसरी माझी, आणि त्या उघडून रजिस्टर लिहायचं कामही माझंच. साहेब पाठमोरे उभे राहून हात पुसत विचारायचे, "जुळलं का, बाई?" मी म्हणायची, "जुळलं, साहेब." अकरा वर्षं हा आमचा संवाद. माझ्या नवऱ्याशीही इतका नेमाने झाला नसेल.

अकराव्या वर्षी एका सकाळी जुळलं नाही.

त्यांचा आकडा तीन दशांशांनी पुढे होता. पुन्हा वाचलं, तेव्हा ते दोनांनी मागे आले. पुढच्या आठवड्यात वायुदाबमापकावर तेच झालं. त्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या. ते अंदाजाने वाचत होते. साधारण, जवळजवळ. आणि हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांचाच नियम त्यांना यंत्रांपासून दूर करणार होता, आणि यंत्रांशिवाय त्या माणसाकडे दुसरं काय होतं?

मग मी काय केलं? मी थोर झाले. चिठ्ठ्या उघडायच्या, त्यांची पदराआड चुरगाळायची आणि रजिस्टराच्या दोन्ही रकान्यांत माझाच आकडा लिहायचा. "जुळलं का, बाई?" "जुळलं, साहेब." संध्याकाळी आरशापुढे वेणी सोडताना मला माझ्या डोक्यामागे तेजाचं वलय दिसायचं, इतकी मी स्वतःवर खूश होते. मुख्य साहेबांनी तर एकदा रजिस्टर चाळून शाबासकी दिली, एवढं जुळणारं काम त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. कसं जुळणार नाही? दोन्ही रकान्यांत मीच होते!

एकदा वहिनी, त्यांच्या पत्नी, विसरलेला डबा घेऊन आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू तरी सांग गो त्यांना. तांदळातला खडा दिसत नाय, समोर आलेला मानूस वळखत नाय. साखर हाय अंगात. डॉक्टरकडं चला म्हनलं तर माझं नाय ऐकत."

साहेबांनी ऐकलं. हसले. "माझ्या डोळ्यांची तपासणी रोज होते. इथे. काय बाई, आज जुळलं का?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा तोंड उघडलं असतं तर? पण मी म्हटलं, "जुळलं, साहेब." आणि वरून हसले. ते हसू मला आजही फाडून काढता येत नाही.

निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी हारतुरे बाजूला ठेवले आणि एकच वाक्य बोलले, "शेवटच्या दिवसापर्यंत माझं जुळलं, याहून मला काही नको." टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात माझ्या.

वर्षाच्या आत त्यांची दृष्टी गेली. साखरेने पडदा खाल्ला होता. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन वर्षं आधी आला असतात तर वाचवता आली असती. हे वहिनींनी मला रस्त्यात भेटून सांगितलं, अगदी साध्या आवाजात, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत. मी "अरेरे" म्हटलं आणि बस पकडली. त्यानंतर पनवेल-खारघर हे अंतर माझ्यासाठी इतकं वाढलं की ते कापायला मला कित्येक वर्षं लागली.

दशांशराव या श्रावणात गेले. त्याच्या महिनाभर आधी मी बेलपाड्याला जाऊन आले. नव्वदीला टेकलेले, खुर्चीत ताठ बसलेले. मी "साहेब" म्हटल्याबरोबर त्यांनी ओळखलं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. पितळी वजन, चुरगाळलेल्या चिठ्ठ्या, दोन्ही रकाने, डबा घेऊन आलेल्या वहिनी. रडले नाही, तेवढा तरी मान ठेवला. मला वाटलं, आता हाकलतील. खरं सांगते, त्यांनी हाकलावं म्हणूनच मी गेले होते. शिव्या खाऊन घरी यायचं, आणि निदान एक झोप तरी नीट लागेल.

साहेबांचा हात पुढच्या मेजावर काहीतरी चाचपत राहिला. डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. मग त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली, जराशी चुकीच्या दिशेने, आणि विचारलं, "म्हणजे दीड वर्ष सगळी यंत्रं एकाच माणसाने वाचली. तुमचं कोणी तपासलं, बाई?"