अर्धा कोयता

त्या वर्षी माजलगावच्या धरणाचा तळ भेगाळला होता आणि आमच्या कंपनीत मात्र भांडवल आले होते. जमिनीतली ओल यंत्राने मोजून पाणी कधी द्यायचे ते शेतकऱ्याला फोनवर सांगणारी ती छोटी कंपनी; तिला एकाएकी माणसे हवी झाली. सहकारी सोसायटीचे बंद गोदाम आम्ही भाड्याने घेतले. नव्या रंगाखालूनही युरियाचा उग्र वास येई. शेतकऱ्यांना जाणारे संदेश तिथल्या बोलीत मी लिहीत असे, म्हणून फोनवर बोलणारी माणसे निवडायला मलाही बसवले.

दिंद्रुडकडची एक बाई मुलाखतीला आली आणि तिच्याशेजारी तिचा नवराही खुर्ची ओढून बसला. पुण्याहून आलेले आमचे तरुण संस्थापक त्याला म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा. मुलाखत यांची आहे."

"एकलीची कशी सायेब? कोयता म्हंजी दोघं."

संस्थापकांनी माझ्याकडे पाहिले. ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकोची जोडी ठरवतो, तिलाच कोयता म्हणतात, हे मी सांगितले. इथेही तसेच असेल, असे त्याने धरले होते.

"तुमी काय बोलनार फोनवर?" ती त्याला म्हणाली. "बैल हाकल्यागत वरडता. लोकाचे कान फुटतील."

तो हसला, पण उठला नाही.

मी तिला हेडफोन दिला. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, जरासा खरखरीत, जात्यातून नुकत्याच पडलेल्या पिठासारखा कोमट. एरवी आमचा फोन मध्येच बंद करणारा एक म्हातारा शेतकरी तिच्याशी मोटारीपासून सुनेपर्यंत बोलत राहिला. नोकरी तिथेच ठरली.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मी ऱ्हायले तर ह्यांच्या उसाच्या मोळ्या कोन बांधल?"

त्याच्यासाठी काही काम पाहावे, असे मी सुचवले. संस्थापकांनी नकारार्थी मान हलवली. तशी जागा नव्हती. जोडीशिवाय गेलेला माणूस अर्धा कोयता. टोळीत त्याला शेवटी विचारतात. दोघे बाहेर पत्र्याच्या सावलीत बराच वेळ बोलले. परत आल्यावर तोच म्हणाला, "हिला ठिवून घ्या. मी जातो अर्धा."

"अन् मोळ्या?"

"बांधीन माझ्या मीच. तू लोकाला पानी सांग."

दसऱ्यानंतर त्याच्या टोळीचा ट्रॅक्टर गोदामावरून गेला. कोरड्या धुळीचा वास खिडकीतून आत आला. तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि इंजिनाचा आवाज विरेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग नीट बसवून म्हणाली,

"बोला दादा. कोन्त्या शेतातली ओल सांगू?"