लहान विमान मागे

नोकरीची सगळी वर्षे मी विमाने थांबवण्यात घालवली. मुंबईच्या धावपट्टीला पेलतील त्याहून अधिक विमाने निघायची झाली, की उरलेल्यांना रांगेत बसवायचे. कोणाला किती मागे ठेवायचे, हे ठरवणे माझे काम. तिथे मी एक पद्धत रुजवली. दोनशे माणसांचे विमान आणि सत्तर माणसांचे विमान एकाच वेळी तयार असेल, तर लहान मागे. त्याने सर्व प्रवाशांचा मिळून होणारा विलंब कमी होतो. कोणी हरकत घेतली नाही. लहान गावांचे प्रवासी भांडायला येत नाहीत.

निवृत्तीनंतर मी अमरावतीला राहिलो. पुढे गावाजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईचे विमान येऊ लागले. लहान विमान.

माझी थोरली बहीण अकोल्याजवळ राहत असे. तिला मी बाई म्हणत असे. तिचा फुलांचा मळा होता, आणि हार ओवून ओवून तिची बोटे वाकडी झाली होती. त्या सकाळी डॉक्टरांनी सांगितले, आजचा दिवस. मी अमरावतीहून निघून तिच्या खाटेशी जाऊन बसलो. तिचा एकुलता मुलगा मुंबईहून दुपारच्या विमानाने निघाला होता. शेवटचे पाणी त्याच्या हातून हवे, एवढेच तिचे मागणे होते.

दुपारी भाच्याचा फोन आला.

"मामा, विमानात बसून आहे. दार लावलं, पण हलून नाही राहिलं. रांग आहे म्हणतात. तासभर."

बाईने ऐकले. तिचा आवाज बारीक झाला होता. जीभ मात्र तशीच होती.

"जनमभर इमानं आडवली तू. आता एक हाकलून दाखव."

"तसं नाही करता येत, बाई."

"काहून नाही येत? तिथं तुयाच हाताखालची माणसं हायेत ना? लाव फोन."

"नियम आहे."

"मोठा आला नियमवाला! तुयासाठी मी यष्टी आडवली होती. कंडक्टरनं मले शिव्या देल्ल्या. इसरला का?"

विसरलो नव्हतो. नोकरीवर रुजू व्हायला निघालो त्या दिवशी मला उशीर झाला होता. गाडी सुटली होती. बाई फुलांची टोपली रस्त्यात ठेवून गाडीसमोर उभी राहिली, आणि मी पेटी घेऊन पोहोचेपर्यंत हलली नाही. आमच्याकडे धावत येणाऱ्या माणसासाठी गाडी थांबते. त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

मुंबईच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी कोण बसला असेल, हे मला ठाऊक होते. त्याला मीच शिकवले होते. क्रमांक तोंडपाठ होता. मी फोन लावला असता, तर त्याने माझे ऐकले असते. म्हणूनच लावला नाही. प्रवाशाचे कारण हे विमानाचे कारण नव्हे, असे मी त्याला शिकवले होते.

बाईने माझ्याकडे पाहिले. मग तोंड भिंतीकडे वळवले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

विमान तासाने सुटले. भाचा बेलोऱ्याला उतरला आणि मोटारीने निघाला. बडनेऱ्याहून त्याचा फोन आला, मग मूर्तिजापूरहून. दुसऱ्या फोनच्या वेळी बाईचा श्वास अडखळू लागला होता. मी चमच्याने पाणी पुढे केले. तिने ओठ मिटून घेतले. थोड्या वेळाने ते आपोआप उघडले, तेव्हा मी पाणी घातले. ते गालावरून उशीवर गेले.

भाचा आला तेव्हा बाईला जाऊन अर्धा तास उलटला होता. अंगणातल्या माणसांनी वाट करून दिली. तो माझ्यापाशी थांबला.

"मामा, आई काही म्हणत होती?"

"विमान हाकल म्हणत होती."

"मग?"

"मी फोन लावला नाही."

 तो पायांतले बूट काढून आत गेला.

मी अंगणातच उभा राहिलो. त्या दिवशी यष्टीत चाळीसेक माणसे तरी असतील. बाईपायी त्या सर्वांचा मिळून किती वेळ गेला, हे मी आयुष्यात एकदाही मोजले नव्हते.