कूलरची टाकी

मी आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. व्यक्तिस्वातंत्र्याचा धडा आला की माझा आवाज आपोआप चढायचा. आपल्या जगण्याचे निर्णय आपणच घ्यायचे, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची. निवृत्तीनंतर तेच घरी चालवते. नागपुरातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मी एकटी, आणि नाकावर माशी बसू न देण्याचा स्वभाव.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुण्याच्या मुलीनं टुमणं लावलं, "आई, आता इकडेच ये." मला माझ्याच घरात राहायचंय, मी ठणकावून सांगितलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, जिंकले.

उन्हाळा लागला, खिडकीत कूलर बसला. कूलर आला की त्याच्या टाकीत रोज बादल्या ओतणं आलंच. पहिल्याच संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी दारात हजर. माहेर नरखेडकडच्या खेड्यातलं, घरात नवरा, मुलगा, सून.

"तुम्ही बसा ताई, मले भरू द्या."

मग हे रोजचंच झालं. टाकी भरायला दहा मिनिटं, पण वहिनी चांगल्या तासभर बसायच्या. चहा प्यायच्या, माहेरच्या संत्र्याच्या बागेबद्दल बोलायच्या, कधी नुसत्याच खिडकीतून रस्ता बघत राहायच्या. मलाही ती वेळ आवडायला लागली होती.

आणि एक दिवस फोनवर मुलीच्या तोंडून निसटलं, "समोरच्या काकूंना मीच सांगून ठेवलंय, आईकडे लक्ष ठेवा म्हणून."

माझा नुसता तीळपापड झाला. घर माझं, शेजारीण माझी, आणि बंदोबस्त माझ्या पाठीमागे? दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला. नळापासून कूलरपर्यंत पाइप, आणि टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा फ्लोट. आता बोला.

संध्याकाळी वहिनी आल्या. मी मोठ्या तोऱ्यात भरलेली टाकी दाखवली. त्या रिकामी बादली हातात धरून उभ्याच राहिल्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण आता मी काहून येऊ?"

"चहाला या की. का मुलीनं सांगितलं म्हणूनच येत होता?"

"त्यायनं सांगतलं ते मले फावलंच. नसतं सांगतलं तं मीच काही बहाणा काढला असता." त्या हसल्या, पण चेहरा उतरलेलाच होता. "दाराबाहेर पाय टाकला का आमचे हे विचारते, कुठं चालली. पोरगा विचारते, सून विचारते. चहा तं घरीबी आहे म्हणते. ताईचा कूलर भराले चालली म्हटलं का कोणी काही नाही म्हणत. दिवसातून तेवढाच वेळ माह्या हातात राहते."

त्या गेल्यावर मला गलबलून आलं. माझी अडचण हीच त्या बाईची सुट्टी होती, आणि मी प्लंबर बोलावून ती बंद करून टाकली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

मी मुलीला फोन लावला. "यापुढे माझ्याबद्दल काही ठरवायचं असेल तर आधी मला विचारायचं."

"सॉरी आई. काकूंना येऊ नका म्हणून सांगू?"

"खबरदार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाइपचा नळ घट्ट बंद केला. कूलर चालू ठेवला. संध्याकाळपर्यंत टाकीचा तळ दिसायला लागला. मग काठी टेकत समोर गेले, बेल वाजवली आणि आत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "वहिनी, जरा येता का? त्या फ्लोटचं काही खरं नाही. टाकी पार कोरडी पडलीय."

वहिनींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्या काही बोलणार, तेवढ्यात आतून त्यांच्या यजमानांचाच आवाज आला, "जाय वं लवकर. ताईचं तुह्याबिगर कसं होईन?"

एरवी असलं वाक्य मी कुणाचं ऐकून घेतलं नसतं. मी खाली मान घालून उभी राहिले, आणि वहिनींनी बादली उचलली.